बावडीच्या पायऱ्या

जवाहर नगरामागची जुनी बावडी नव्या रस्त्यापासून वाचवायला ही शेवटची सुनावणी होती. पडद्यावर गौतमीने काढलेला बावडीचा नकाशा उघडला आणि सुनावणी घेणारे साहेब हसले, “मॅडमजी, बावडी कुठाय? हा तर चहाचा डाग!” अर्ज भरणारे विनयकाका पुटपुटले, “अर्जाचं पोर्टल दोनच एमबी घेतं, म्हणून मी जेपीजी दाबून दाबून बारीक केली गं.” गौतमीचं डोकं सणकलं. “काका, रेघांचा नकाशा फोटोसारखा दाबतात होय?” तिने तिथेच लॅपटॉप उघडला, नकाशाखालचा सॅटेलाइट फोटो उडवला, मोजके रंग ठेवले आणि रेघा जशाच्या तशा ठेवणारी पीएनजी काढली. फक्त सहाशे केबी! पोर्टलने मुकाट्याने गिळली. पडद्यावर बावडी सुईने कोरल्यासारखी उमटली. साहेबांनी मोठी करून पाहिली, आणखी मोठी केली. रेघ धूसर होईना. मागे बसलेल्या नगरातल्या बायका मोठ्याने पायऱ्या मोजू लागल्या. चाळिसावी मोजेपर्यंत साहेबांनी पेन उचललं आणि कागदावरचा रस्ता स्वतःच्या हाताने वळवला.