सात डेसिबल

तिसऱ्यांदा मोजलं तरी रेघ तशीच आली.

गच्चीवर उंच घोडीवर स्पीकर, त्याच्यासमोर बरोबर एक मीटरवर माइक, आणि आवाज आपटून परत येईल अशी आसपास एकही भिंत नाही. सुनेनं माइक बदलून पाहिला, वायर बदलली, शेजारचा पंप बंद व्हायची वाट पाहिली. लॅपटॉपवरची रेघ पाच हजार हर्ट्झपर्यंत शहाण्यासारखी सरळ यायची आणि तिथून एकदम सात डेसिबल वर चढून बसायची. दुकानात अशा आवाजाला लोक ‘किती स्पष्ट!’ म्हणतात आणि घरी सिनेमा अर्धा होईस्तोवर डोकं धरून बसतात.

घरामागच्या कारखान्यात होम थिएटरचे स्पीकर बनायचे. मोजमाप सून करायची. पण शेवटचा शब्द सासऱ्यांच्या कानांचा. या नव्या स्पीकरवर त्यांनी तीन दिवस कान लावले होते. ‘वरचे सूर दबलेत’ म्हणून वरच्या सुरांचा जोर ठरवणारा आतला रेझिस्टर स्वतःच्या हातानं बदलला होता आणि मगच मान हलवली होती. त्याबरहुकूम चाळीस संच तयार झाले होते. उद्या सकाळी ते गाडीत चढणार होते.

“जुना रेझिस्टर लावून टाकू,” नवरा हळूच म्हणाला. “बाबांना कळणारसुद्धा नाही.”

“त्यांना कळणार नाही, हेच तर त्यांना सांगायचंय.”

“तू सांगणार?”

“मीच. तुझ्याच्यानं होणार आहे का?”

बोलली खरी, पण जिना ती पायरी-पायरीवर थांबत उतरली. लग्न होऊन आली तेव्हा याच माणसानं तिला म्हटलं होतं, स्वयंपाकाचं राहू दे, आधी सोल्डरिंग शीक. सख्ख्या बापानं केलं नव्हतं इतकं तिचं कौतुक त्यांनी केलं होतं. त्यांना दुखवायचं म्हणजे जिवावर येत होतं. पण चाळीस घरांत तो आवाज पाठवायचा नाही, एवढं तिनं पक्कं ठरवलं होतं.

सासरे कारखान्यात खोक्यांवर पॉलिश करत होते. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं आणि हसले.

“सूनबाई, तुझं यंत्र आजारी आहे.”

“तीनदा मोजलं, बाबा. माइकही बदलला.”

“मग तीनदा चुकलं. सिनेमा काय माइक बघणार आहे?”

तिनं हुज्जत घातली नाही. खुर्ची पुढे ओढली. “बसा. स्पीकर मोजायचा नाही. नुसते सूर वाजवते. ऐकू आला की हात वर करायचा.”

“आता माझी परीक्षा!” पण ते बसले. मजा वाटत होती त्यांना.

हजारला हात वर. दोन हजारला वर. चारला जरा उशिरा, पण वर. सहा हजारला हात मांडीवरच राहिला. तिनं आवाज वाढवला. आठ हजार लावले, आणखी वाढवला. तिला स्वतःला दात आवळून उभं राहावं लागलं. तिच्या मागोमाग आलेल्या नवऱ्यानं तर कानांवर हात धरले होते. सासरे शांतपणे वाट बघत होते.

“थांबलीस का? वाजव की.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई कडाडल्या, “अगं, बंद कर ती शिट्टी! डोकं उठलं माझं!”

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. मग मुलाकडे. त्यानं हात घाईघाईनं खाली घेतले, पण उशीर झाला होता. सुनेनं सूर बंद केला. तिला रडू येत होतं, पण नजर तिनं हटवली नाही. आत्ता नजर चुकवली तर सगळं मुसळ केरात जाईल, हे तिला ठाऊक होतं.

“वाजत होतं?” त्यांनी विचारलं.

“हो, बाबा.”

ते उठले. सुनेला वाटलं, आता घरात जाऊन दार लावून घेतील. पण त्यांनी शिडी ओढली आणि माळ्यावर चढले. आजवर बनवलेल्या प्रत्येक स्पीकरचा एक नमुना त्यांनी तिथे जपून ठेवला होता. एकेक ते खाली देत गेले.

“गच्चीवर घेऊन चला. नव्यापासून मागे मोजत जायचं.”

दुपार त्यातच गेली. दोन वर्षांपूर्वीचा सहा डेसिबल चढला. चार वर्षांपूर्वीचा साडेचार. त्याच्या आधीचा तीन. सासरे घोडीशेजारी उन्हात उभे राहिले. बसायला दिलेलं स्टूल त्यांनी स्पीकर ठेवायला वापरलं. प्रत्येक आकडा त्यांनी तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, आणि एकदाही ‘पुन्हा मोज’ म्हणाले नाहीत.

सहाव्या स्पीकरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आली. इतकी सरळ रेघ सुनेनं मोठमोठ्या कंपन्यांच्या स्पीकरचीही पाहिली नव्हती.

“हा कधीचा?” सासऱ्यांनी विचारलं.

“नऊ वर्षांपूर्वीचा. तुम्ही नुसत्या कानांनी जमवलेला.”

त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, सावकाश, शेवटपर्यंत. मग मुलाकडे वळले.

“उद्याची गाडी रद्द कर. आणि याच्यानंतर जेवढे विकलेत, त्या सगळ्यांना फोन लाव. स्पीकर घेऊन या म्हणावं, फुकट दुरुस्त करून देतो. सूनबाई मोजून पास करेल.”

“बाबा, शेकडो आहेत ते! आणि कारण काय सांगू?”

“सांग, बनवणाऱ्याला ऐकू येत नव्हतं.”