कापलेला प्रवेश

टीव्हीला बॉक्स जोडावा की छोटा कॉम्प्युटर, हे डिचोलीच्या दुकानात उभ्या असलेल्या संदीपला ठरवता येईना.

"नुसतं बघायचं तर बॉक्स पुरे," दुकानदार म्हणाला. "व्हिडिओ कापायचा-जोडायचा असेल तर कॉम्प्युटर न्या."

"कॉम्प्युटरच द्या!"

जत्रेतल्या नाटकात त्याची बायको विनिता नायिका होती आणि शेजारचा गौरेश नायक. त्या दोघांच्या प्रेमाच्या प्रवेशाला सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या, तेव्हापासून संदीपचा जळफळाट चालला होता. आता तर नाटकाचा व्हिडिओही घरी आला होता. संदीपने त्यातला तो प्रवेश मुळासकट कापून टाकला आणि मगच विनिताला नाटक बघायला हाक मारली.

नाटक त्या जागी आलं तशी विनिताने विचारलं, "अहो, मधला प्रवेश खंय गेलो?"

"कुठे जाणार? शूटिंगवाल्यानं घेतलाच नसेल."

"जाऊं दे." विनिताने नाटक थांबवलं, टीव्हीसमोर उभी राहिली आणि डोळे मिटून तो अख्खा प्रवेश म्हणून दाखवला. स्वतःच्या संवादात ती दोनदा अडखळली. गौरेशच्या संवादातला मात्र एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.