घरातल्या गोष्टी

नाशिकच्या छोट्या सभागृहात आधीचा विनोदवीर बायकोच्या वजनावर आणि खरेदीवर मनसोक्त बोलला. पहिल्या रांगेत बसलेले शर्वाणीचे सासरे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मग शर्वाणीने माईक घेतला. "माझा नवरा अख्खं ऑफिस सांभाळतो. घरी मात्र त्याला फ्रिजमध्ये समोर ठेवलेलं दही दिसत नाही."

मागे दोघी-तिघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. सासरे ताडकन उभे राहिले होते. "घरातल्या गोष्टी चारचौघांत सांगायला लाज नाही वाटत?"

सगळ्यांच्या नजरा शर्वाणीवर खिळल्या. तिला पाठ केलेलं पुढचं वाक्य आठवेना.

"चल गं," असं शेजारी बसलेल्या बायकोला म्हणत सासरे दाराकडे निघाले.

सासूबाई सवयीने उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि पुन्हा खाली बसल्या. "तुम्ही व्हा पुढे. मघाशी स्टेजवरच्या त्या मुलाच्या बायकोला तुम्ही हसत होतात, तेव्हा मी बसलेच होते की."

सासरे दारातच थबकले. सासूबाईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. स्टेजकडे बघत त्या म्हणाल्या, "बोल गं शर्वाणी. मी ऐकतेय."