पेल्यातली पट्टी

द्वारकेचे पुढे आलेले दात आत घ्यायला दोन वर्षं लागली. दर महिन्याला भाऊसिंगजी रोडवरच्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन तार आवळून घ्यायची आणि पुढचे चार दिवस दूधभातावर काढायचे. चोपन्न साली तार निघाली, तेव्हा डॉक्टरांनी टाळूला बसणारी एक पट्टी हातात दिली. "वर्षभर झोपताना लाव, नाहीतर दात पुन्हा होते तिथं जातील," असं बजावून ते स्वतः कायमचे पुण्याला गेले.

महिन्याभरात कसबा बावड्याच्या स्थळानं तिला पसंत केलं, तेही दात बघून. लग्नानंतर आठव्या दिवशी सकाळी सासूला पाण्याच्या पेल्यात ती पट्टी दिसली.

"ही कवळी हाय. तरीच म्हटलं, दात एवढं सरळ कसं," सासू म्हणाली. "बोळकी पोरगी गळ्यात बांधली आमच्या."

द्वारका दात दाखवायला आ करून उभी राहिली, पण सासूनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिला माहेरी धाडलं आणि पट्टी पुरावा म्हणून ठेवून घेतली.

तशी दुसरी पट्टी करून देणारं कोल्हापुरात कुणी नव्हतं. द्वारका रोज जिभेनं दात चाचपायची. दिवाळीपर्यंत पुढचे दोन ओठाला लागू लागले.

दहा महिन्यांनी मध्यस्थांनी कशीबशी सासूला आणली. तिनं द्वारकेचा एकेक दात हलवून बघितला.



"दात खरं हायत," ती म्हणाली. "पण आम्ही पसंत केलती ती पोरगी ही न्हवं."