ज्युनिपरचं नाव

"काका, नाव सांगा. यादी छापायला जायचीय," रोपांचे व्यापारी देसले वही उघडून म्हणाले. "नाहीतर मी आपलं 'गोल्डन बॉल' लिहून टाकतो."

आमच्या दोघांमध्ये गुडघ्याएवढं ज्युनिपरचं झुडूप होतं, खालून वरपर्यंत सोनेरी. सात वर्षांपूर्वी आमच्या नर्सरीतल्या एका हिरव्या ज्युनिपरवर एकच पिवळी फांदी आली होती. मी बायकोला म्हणालो, रोग पडलाय, तोडून टाक. तिनं तोडली आणि गुपचूप कुंडीत लावली. त्याचं हे झुडूप. ते ठेंगणंच राहिलं, तर म्हणायची, "माझ्यावर गेलंय." माघात ती वारली.

लग्नात बायकांनी नाव घ्यायला अडवलं, तेव्हा मी लाजून पळालो होतो. पुढं अडतीस वर्षं नुसत्या 'अगं'वरच भागलं.

"हौसा," मी हळूच म्हणालो.

"हौसेनं वाढवलंय ते दिसतंयच की. पण नाव काय द्यायचं?"

शेजारच्या वाफ्यात तण काढणाऱ्या सुनेचा हात थांबला. मी घसा खाकरला.

"हौसाच. माझ्या बायकोचं नाव आहे ते."

देसल्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. सून पदरानं डोळे पुसत चहा ठेवायला गेली.

देसले गेल्यावर मी कुंडीत पाणी घालता घालता तिसऱ्यांदा नाव घेतलं. ऐकायला कुणी नव्हतं, तरी लाजलोच.