मैनाची भूक

"सूज आहे ती!" बाबाराव जनावरांच्या डॉक्टरवर ओरडले. "आठवडा झाला, ताटाले तोंड लावून नाही राहिली अन् तुम्ही म्हणता वजन वाढलं?"

डॉक्टरनं पुन्हा काट्याकडे पाहिलं. मैना कुत्री टेबलावर ऐसपैस लोळत होती. तपकिरी, तुकतुकीत, जगाची फिकीर नसलेली. "अंगानं ठणठणीत आहे, साहेब," तो म्हणाला. "मनानं खचली असेल."

हे मात्र बाबारावांना पटलं. पोलिसातल्या नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी मैनाची साखळी धरून काढली होती. ट्रकच्या हौद्यात, रेल्वेच्या डब्यात ती हुंगत जायची आणि एकदम खाली बसायची. बसली की समजायचं, गांजा इथंच आहे. मग चेंडू. मग पाठीवर थाप. खात्यानं दोघांना एकाच दिवशी घरी पाठवलं. बाबारावांच्या गळ्यात आदल्या कार्यक्रमातला कोमेजलेला हार घातला. मैनाला तोही नाही.

त्या दिवसापासून शहराबाहेरच्या बेसा वस्तीतल्या फ्लॅटमध्ये बाबाराव सोफ्यावर पडून होते. दाढी वाढलेली. टीव्ही चालू, डोळे छताला. "डॉक्टरकडे चला," म्हणून म्हणून त्यांच्या पत्नी मायाबाई थकल्या. "मले का धाड भरली?" एवढंच उत्तर. ताटातली अर्धी पोळी तशीच परत जायची. मग एके सकाळी मैनानं ताट सोडलं. आठवडाभर तसंच चाललं, तेव्हा कुठं बाबारावांनी पँट चढवली आणि तिला घेऊन ते जिना उतरले.

शेजारचे मधुकरराव लगेच लॅव्हेंडरच्या तेलाची बाटली घेऊन हजर. "एक थेंब टाका अंथरुणावर. दुःख पळालंच समजा." सुनेनं घरबसल्या असल्या तेलांचा धंदा काढला होता, म्हणून सगळ्या सोसायटीला दुःख असावं अशी त्यांची इच्छा होती. मैना तीनदा शिंकली. बाबाराव चारदा.

"ते तेल खोटं नाही, बाबा," दीप्ती म्हणाली. ही त्यांची लेक, सुगंधी तेलांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. "झाडाच्या वासात टर्पीन नावाची द्रव्यं असतात. लॅव्हेंडरमधलं शांत करते म्हणतात, संत्र्याच्या सालीतलं मन हलकं करते म्हणतात. थोडं खरं, बाकी बाटलीची किंमत. पण मैनाचं वेगळं आहे. ती गांजा ओळखतच नाही."

"काहून नाही ओळखत? अर्धा टेम्पो गांजा पकडलाय तिनं!"

"गांजात शंभर वास असतात. त्यातला एक ओळखते ती. त्याचाच भाऊबंद लवंगेत असते, मिऱ्यात असते. तो वास आला की मागून चेंडू येते, तुम्ही येता, हे तिले माहीत. तिच्यासाठी आनंद म्हणजे तोच वास. लावा कामाला."

दीप्तीनं लवंगेच्या तेलात कापसाचा बोळा बुडवला, भोकाच्या डबीत घातला आणि चपलांच्या रॅकमागे लपवला. बाबारावांनी साखळी हातात घेतली. "ढूंढ," ते म्हणाले.

मैना उठली. हॉल, गॅलरी, रॅक. बसली.

"शाब्बास, माझी वाघीण!" अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं.

पण दुसऱ्या सकाळी आठ वाजता ताट तसंच. म्हणजे पुन्हा शोध. तिसऱ्या दिवशी जिन्यात. चौथ्या दिवशी मैना डबीचा नाद सोडून थेट सोनिकाच्या दारापुढे बसली. आतून खडा मसाला भाजल्याचा वास येत होता. सोनिका झणझणीत सावजी रश्शाचे डबे द्यायची. बाबारावांचा जुना हात आपोआप दारावर पडला. "दरवाजा खोलो! पोलीस!"

हातात झारा घेऊन सोनिका बाहेर आली. "काका, गांजा नाही जी, मटन आहे! जप्त करता का चाखता?"

बाबाराव हसले. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मायाबाई दारात उभ्या राहून पदरानं तोंड झाकत होत्या. त्या दिवशी बाबारावांनी दाढी केली आणि रश्शासोबत तीन भाकरी रिचवल्या. मैनानं मात्र सकाळच्या ताटाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एवढीच काय ती चिंता. तीही आता अशी, की माणसाला अंथरुणातून उठवते.

पुढच्या पहाटे ते सगळ्यांच्या आधी उठले. आज डबी पार्किंगमध्ये लपवायची, स्कूटरच्या डिक्कीत. मैनाची खरी परीक्षा. बूट हातात घेऊन ते चोरपावलांनी निघाले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकले. आत दिवा होता.

मायाबाई ओट्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. पुढ्यात परात. परातीत दूध-भाकरीचा काला. मैना मान खाली घालून मचामचा खात होती. शेपटी ओट्याला आपटत होती.

"खा वं माय, पोटभर खा," मायाबाई तिच्या कानाशी कुजबुजल्या. "आठ वाजता ताटाले तोंड लावजो नको. तू जेवलीस तं हे पुन्हा सोफ्यावर जाऊन पडतीन."

बाबाराव तसेच उलट पावली गेले. अंथरुणावर पडले, पांघरूण डोक्यावरून ओढलं.

आठ वाजता त्यांनी स्वतः ताट मांडलं. मैनानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. बाबारावांनी मोठा सुस्कारा टाकला, मायाबाईंकडे पाहिलं आणि चेहरा पाडून म्हणाले, "आजही उपाशीच आहे बिचारी. आण वं ते साखळी."