तात्यांच्या दुधातलं पाणी

"तात्यांना तुम्ही मारलंत. तुमच्या डेअरीनं त्यांचं नाव घालवलं आणि तुम्ही या खुर्चीत बसून बघत राहिलात."

तात्यांची धाकटी लेक टेबलासमोर उभीच होती. डेअरीच्या चेअरमननं खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. लहानपणी ती याच माणसाला काका म्हणायची. आज साहेब म्हणत होती, तेही दात आवळून.

दुसऱ्या दिवशी सभा होती. डेअरी उभी करणाऱ्या जुन्या माणसांचे फोटो भिंतीवर लागणार होते. तात्यांचा नव्हता. ज्याच्या दुधात पाणी निघालं त्याचा फोटो लावायचा नाही, असा ठराव झाला होता. ठराव करणाऱ्यांच्या घरी कसल्या दुधाचा चहा होतो, ते कुणी विचारलं नव्हतं.

तिचं मागणं एकच होतं. ती चाचणी खोटी होती, हे सभेत सगळ्यांसमोर कबूल करायचं.

तात्या म्हणजे घराचा खांब. ते गोठ्यातून येऊन हात धुवेपर्यंत घरात कुणी ताटावर बसत नसे. नातवंडांना ते वासरांसारखं मानेखाली खाजवायचे, आणि गाईंना माणसांसारखं अहोजाहो करायचे. गाईंची नावं त्यांनी आपल्या खाष्ट आत्या-मावश्यांवरून ठेवली होती. एकदा खरी मावशी मुक्कामाला आली, आणि पहाटे गोठ्यातून तात्यांचा आवाज आला, मावशी, लाथ मारू नका, बादली सांडेल. मावशी न जेवता गेली. तात्या तिला गाडीपर्यंत समजावत गेले आणि परत येऊन गाईलाच रागावले.

दुधाच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. पाणी प्यायचं तर घागरीतून प्यावं, दुधातून नको, असं ते म्हणायचे. धुतलेली किटली सुकल्याशिवाय तिच्यात दुधाचा थेंब पडू देत नसत.

आणि डेअरीतल्या चाचणीत त्याच किटलीतल्या दुधाची डिग्री कमी भरली, म्हणजे दुधात पाणी निघालं. रांगेतल्या सगळ्यांदेखत दूध गटारात ओतलं गेलं आणि तात्यांचं खातं बंद झालं. डेअरीचा नियमच तसा होता. नियम करताना तात्याच सर्वांत जास्त भांडले होते, कडक ठेवा म्हणून.

पेंढीभर चाऱ्यासाठी शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरणारा माणूस त्या दिवशी चकार शब्द बोलला नाही. पुढे एकेक गाय चांगलं घर बघून दिली. प्रत्येकीला आंघोळ घातली, वेशीपर्यंत सोबत गेले. लोक त्यांना पाणीवाले तात्या म्हणू लागले, तर ते हसायचे.

लेकीनं दोनदा नर्सिंगची जागा सोडली होती. भाऊ ट्रकवर, वहिनीला गाईंची भीती, तात्यांचे गुडघे गेलेले. गोठा बघणार कोण? तात्यांनी समजावलं, ओरडले, एकदा तर जेवणही सोडलं. ही ऐकेना. तिसऱ्यांदा जागा मिळाली तेव्हा गोठा रिकामा होता. ती गेली. आता ती मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींच्या उशाशी उभी असते, आणि इतका धीर कुठून आला असं डॉक्टरांनी विचारलं की गोठ्यातून, म्हणते.

तात्या गेले तेव्हा चेअरमन खांदा द्यायलाही आला नव्हता. तेही तिनं आज तोंडावर ऐकवलं.

"आलो असतो तर माझं तोंड उघडलं असतं," चेअरमन म्हणाला. त्यानं उठून दार लोटलं. "चाचणी खोटी नव्हती."

"धार मी काढली होती. किटलीवर फडकं मी बांधलं होतं. एरवी डेअरीत मीच यायचे, त्या दिवशी तेवढे तात्या हट्टानं आले. घरातून पाण्याचा थेंब आला नाही. पाणी पडलं ते इथं."

"हो. इथंच पडलं."

"कुणी घातलं?"

चेअरमन परत खुर्चीत बसला, आणि आवाज अगदी खाली आणून बोलला.

"मागच्या नळाखाली किटली तुझ्या तात्यानंच धरली. मी हात धरला, तर म्हणाला, 'सोड. इथं दूध येतंय तोवर पोरगी गोठ्यातून हलायची नाही. माझं नाव जाऊ दे, पण तिला जाऊ दे.' तुला कळू देणार नाही, अशी शपथ घातली होती मला. ती आज मोडली. आता उद्या सभेत चाचणी खोटी होती म्हणू, की त्यानं काय केलं ते सांगू? बोल, पोरी."